न आलेल्या मालाची यादी

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला आमची असेंब्ली लाइन थांबली. चाकणच्या एमआयडीसीत लाइन थांबते तेव्हा आधी आवाज जातो. एअर गनची फुसफुस, कन्व्हेयरची घरघर, सगळं एकदम गप्प होतं आणि स्टोअरच्या जाळीपर्यंत ती शांतता येऊन पोचते. कारण होतं एक रबरी सील, तळहातावर चार मावतील एवढं. त्याची ऑर्डर पाच आठवड्यांपूर्वी गेली होती आणि त्यातला एकही नग आलेला नव्हता. आदल्याच संध्याकाळी मी परचेसला पेंडिंग मालाची यादी पाठवली होती, चांगली 140 ओळींची. तिच्यात हे सील नव्हतं.

यादी मी स्वतः केली होती, एसएपीमध्ये, म्हणजे कंपनीचा सगळा हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कुणाची मदत न घेता. त्याआधीच्या दोन महिन्यांत मला तिचा फार अभिमान वाटत होता.

मी 2011 मध्ये स्टोअरला लागले. काम जीआरएनचं, म्हणजे माल आल्याच्या नोंदीचं. ट्रक येणार, चलन येणार, माल मोजायचा, सिस्टीममध्ये चढवायचा. सिस्टीममध्ये माहिती घालणं हे आमचं काम आणि ती बाहेर काढणं हे दुसऱ्या कुणाचं, अशी तेव्हा विभागणीच होती. एखादा नवा रिपोर्ट हवा असेल तर फॉर्म भरायचा, त्यावर खातेप्रमुखांची सही घ्यायची, तो आयटीकडे जायचा, तिथून दुसऱ्या शहरातल्या डेव्हलपरकडे. तीन-चार आठवड्यांनी रिपोर्ट यायचा. त्यात एखादा कॉलम कमी असायचा, कारण ज्यानं तो लिहिला त्यानं आमचं स्टोअर कधी पाहिलेलं नसायचं. मग पुन्हा फॉर्म. तोवर ज्या मालाबद्दल विचारलं होतं तो एक तर येऊन गेलेला असायचा, नाही तर त्याच्यापायी व्हायचा तो गोंधळ होऊन गेलेला असायचा.

अकाउंट्समधले एक सर निवृत्तीला आले होते. एकदा मंथ एंडला रात्री आठ वाजता मी जीआरएनचे प्रिंट एकावर एक ठेवून हातानं बेरजा करत होते. ते उभे राहून बघत होते. मग माझ्या कीबोर्डवर वाकून त्यांनी वरच्या चौकटीत चार अक्षरं टाइप केली. एसक्यूव्हीआय. ‘हे क्विकव्ह्यूअर. तुझ्या लॉगिनला आहे. बघ जमतंय का,’ एवढंच म्हणाले.

यात शिकण्यासारखं थोडकंच असतं आणि ते तासाभरात येतं. क्वेरीला, म्हणजे सिस्टीमला विचारायच्या प्रश्नाला, नाव द्यायचं, माहिती कुठून घ्यायची ते सांगायचं. एकाच टेबलातून, म्हणजे माहितीच्या एका तक्त्यातून, किंवा अनेक टेबलं जोडून. टेबलं घेतली की पडद्यावर प्रत्येकाची एक चौकट दिसते आणि दोन चौकटींमध्ये एसएपी स्वतःच रेघा मारून देतं, कुठला रकाना कुठल्या रकान्याशी जुळवायचा त्याच्या. (कधी कधी नको त्याही रेघा मारून ठेवतं, त्या पुसायची सवय लावून घ्यावी लागते.) मग यादीत कुठले रकाने दिसावेत आणि चालवण्याआधी कुठले विचारावेत, ते टिचक्या मारून ठरवायचं. एफ-आठ दाबायचं. समोर यादी.

मी पहिल्यांदा एफ-आठ दाबलं तेव्हा माझ्याच प्लांटच्या महिनाभरातल्या सगळ्या जीआरएन एका पडद्यावर आल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक तर मीच चढवलेल्या. इतके दिवस जे आत टाकत होते ते जातं कुठं, हे मी त्या रात्री प्रथम पाहिलं.

पुढं कधी तरी कळलं की एसएपीची जी स्वतःची प्रोग्रॅमिंगची भाषा, अबाप, तिचं मूळ जर्मन नावच ‘अहवाल तयार करणारा सर्वसाधारण प्रोसेसर’ अशा अर्थाचं आहे. 1972 मध्ये पाच इंजिनिअर आयबीएम सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ही कंपनी काढली. पुढं सारा पसारा वाढला, पण भाषेच्या नावात ती पहिली गरज राहून गेली: जे साठवलंय त्यातून वाचता येईल असं काही बाहेर काढणं. मला याचा फार आनंद झाला. म्हणजे मी जे करत होते ती काही मागच्या दारानं केलेली चोरटी गोष्ट नव्हती.

टेबलांची नावंही जर्मन. ऑफिसात सगळे ‘एक्को-एक्पो’ म्हणतात, जोडगोळीचं नाव घ्यावं तसं. एक्को म्हणजे खरेदीच्या कागदाचं डोकं, शेवटचं ‘को’ हे कोप्फ या शब्दातलं, म्हणजे अक्षरशः डोकंच. कुणाला ऑर्डर, कधी, कुठल्या अटींवर. एक्पोमध्ये एकेक आयटमची ओळ. एकबेमध्ये त्या ओळीचा इतिहास, म्हणजे माल कधी आला, बिल कधी आलं. नगांच्या रकान्याचं नाव मेंगे. मेंगे म्हणजे प्रमाण, नग. आमच्या स्टोअरमधला मदतनीस पुढं पुढं ‘मॅडम, याचं मेंगे किती?’ असं सहज विचारू लागला. पडद्यावरच्या कुठल्या रकान्यातली माहिती कुठल्या टेबलात असते, हे शोधायचं तर त्या रकान्यावर एफ-एक दाबून तांत्रिक माहिती उघडायची. तिथं टेबलाचं नाव मिळतं. पण काही पडद्यांवर मिळतं ते नुसत्या पडद्यामागच्या साच्याचं, त्यात साठवलेलं काहीच नसतं. असल्या साच्यांमागं मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या.

एका रकान्याशी मात्र माझी लगेच ओळख पटली. प्रत्येक नोंदीपुढं एक अक्षर, एस किंवा एच. झोल आणि हाबेन. म्हणजे नावे आणि जमा. घरात लहानपणापासून ऐकलेले शब्द. अण्णा, माझे वडील, बार्शी तालुक्यातल्या एका गावात विविध कार्यकारी सोसायटीचे सचिव होते. रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तक यांच्या बरोबरीनंच आम्ही भावंडं वाढलो. या रकान्याची गंमत अशी नसून गरज अशी की एकबेमधल्या आकड्याला उणे चिन्ह नसतं. माल आला तरी 200 आणि चुकून चढवलेली जीआरएन मागं घेतली तरी 200. आलं की गेलं हे त्या एका अक्षरावरून ओळखायचं. ते अक्षर यादीत घेतलं नाही तर रद्द केलेला मालसुद्धा आल्यात मोजला जातो.

ही चूक मी केली. आणखीही केल्या. 500 नगांची ऑर्डर, माल तीन खेपांत आला, 200, 150 आणि 100. माझ्या यादीत त्या ऑर्डरच्या सहा ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीपुढं ऑर्डर 500. बेरीज 3,000. आलेला माल 900. कारण तीन ओळी मालाच्या, तीन बिलांच्या. इतिहासाच्या टेबलात दोन्ही नोंदी शेजारी शेजारी राहतात आणि कुठली कशाची हे सांगणारा वेगळा रकाना असतो. तिथं 1 असेल तर माल, 2 असेल तर बिल. फक्त 1 घेतलं, एस-एच पाहून उणे-अधिक केलं, एक्सेलमध्ये ऑर्डरवार बेरीज घातली आणि 50 बाकी असा खरा आकडा आला. ‘माल आला’ हे दोन शब्द मी तीन वर्षं रोज बोलत होते. त्यांचा अर्थ इतका बारकाईनं कुणी मला विचारला नव्हता. क्वेरी तो विचारते. गेटवर आला तो आला? मोजला तो आला? तपासणीत पास झाला तो? परत पाठवला तो आलेला धरायचा की नाही? या प्रत्येकाला सिस्टीममध्ये वेगळी खूण आहे आणि आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

एवढं सगळं निस्तरल्यावर यादी पक्की झाली, असं मला वाटलं. दहा-बारा ऑर्डरी हातानं ताडून पाहिल्या, सगळ्या जुळल्या. ज्या मला माहीत होत्या त्याच ताडल्या होत्या. आणि मग तो मंगळवार.

दिवसभर मी सीलची ऑर्डर उघडून बसले. ऑर्डर एक्कोमध्ये होती, एक्पोमध्ये होती. रद्द झालेली नव्हती, बंद केलेली नव्हती. तरी यादीत का नाही, हे मला कळेना. संध्याकाळी लाइन सुरू झाली, माल कुरिअरनं मागवला होता. कुणी मला फार बोललं नाही. पण घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात तेच.

रात्री अण्णांना फोन केला. हे विचारायला नव्हे, रोजच्यासारखाच. बोलता बोलता मी विचारलं, ‘अण्णा, वसुलीच्या वेळी तुम्ही थकबाकीची यादी कशी काढायचा?’

‘कशी म्हंजे? कर्ज-खतावणी पुढ्यात घ्यायची, पहिल्या पानापासनं. एकेक नाव वाचायचं, मग त्याची जमा बघायची.’

‘पावतीपुस्तकावरनं नाही?’

‘पावतीपुस्तकात ज्यानं भरलं त्याचंच नाव असतंय पोरी. ज्यानं दमडीबी भरली नाही, त्यो तिथं कसा घावंल? आन् खरा थकलेला तर त्योच.’

मी फोन हातात धरून तशीच बसले. माझ्या पडद्यावरची रेघ एक्पो आणि एकबे यांच्यामध्ये होती आणि तिचा अर्थ होता: दोन्हीकडं नाव असेल तरच ओळ दाखव. ज्या ऑर्डरीतला थोडा तरी माल आलाय तिला इतिहास आहे. जिच्यातला एकही नग आला नाही, तिचं एकबेमध्ये पानच नाही. म्हणून ती गळली. पाचशेपैकी पन्नास बाकी असलेला पुरवठादार माझ्या यादीत ठळक दिसत होता आणि ज्यानं काहीच दिलं नव्हतं तो नाहीसा झाला होता. सिस्टीमनं चूक केली नव्हती, कुठली सूचनाही दिली नाही, द्यायचं कारणही नव्हतं. मी पावतीपुस्तकातून थकबाकी काढत होते.

दुसऱ्या दिवशी त्या रेघेवर उजवी टिचकी मारली आणि ‘लेफ्ट आउटर जॉइन’ निवडलं. म्हणजे डावीकडचं प्रत्येक नाव दाखव, उजवीकडं काही सापडलं नाही तर तो रकाना रिकामा ठेव. यादी 140 वरून 171 ओळींवर गेली. त्या 31 ओळींपुढं आलेल्या मालाचा रकाना मोकळा होता. सील त्यांच्यात होतं. बाकीच्या 30 मध्ये आणखी दोन पार्ट असे होते की त्या आठवड्यात फोन केले नसते तर लाइन पुन्हा थांबली असती.

नंतर याहून चांगली वही सापडली. एकेट नावाचं टेबल, डिलिव्हरीच्या वेळापत्रकाचं. ऑर्डरीतल्या प्रत्येक आयटमचं तिथं निदान एक पान असतंच, किती नग, कुठल्या तारखेला. त्याच ओळीत आजवर किती आले तेही, मागं घेतलेल्या जीआरएन वजा होऊन. सगळ्यांची नावं आहेत आणि समोर जमा पण लिहिलेली आहे. अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग तीच धर.’ आजही माझी पेंडिंगची क्वेरी एकेटवरूनच निघते.

2014 मध्ये मी बाळंतपणाच्या रजेवर गेले आणि चौथ्याच दिवशी स्टोअरमधून फोन आला. क्विकव्ह्यूअरमधली क्वेरी ज्याची त्याचीच असते, दुसऱ्याच्या लॉगिनला दिसतच नाही. माझी यादी माझ्याबरोबर घरी आली होती. परत आल्यावर पहिलं काम ते केलं. आयटीमधल्या एका मुलीला बरोबर घेऊन यूझर ग्रुप केला, इन्फोसेट केला, त्यावर सगळ्यांना चालवता येईल अशी क्वेरी बांधली. इन्फोसेटमध्ये टेबलं एकदाच जोडायची असतात आणि ती जोडणी नीट विचार करून केली की पुढच्या माणसाला रेघांच्या वाटेला जावं लागत नाही. शिवाय रकान्यांची नावं बदलता येतात. वेमेंग वाचून नव्या मुलाला काय कळणार? ‘आलेले नग’ म्हटलं की कळतं.

काही कंपन्यांत ही साधनं सरसकट बंद करून टाकतात. त्यामागची काळजी खरी आहे. कुठलंही टेबल उघडं ठेवलं तर कुणी पगाराचं टेबलही उघडेल, आणि तारखेची अट न घालता मालाच्या हालचालींचं टेबल चालवलं तर सगळ्यांचीच सिस्टीम मंदावते. म्हणून टेबलांच्या गटांवर परवानग्या असाव्यात, त्या काटेकोर असाव्यात. पण दार बंद करू नये, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे. दार बंद झालं की लोक प्रश्न विचारायचे थांबत नाहीत. ते मिळेल तो जुना रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवतात, त्यावर आपापली सूत्रं चढवतात आणि मग परचेसचा पेंडिंग वेगळा, स्टोअरचा वेगळा, प्लॅनिंगचा तिसराच. आणि मुख्य म्हणजे, यादीतून कोण गळलंय हे ज्याला ओळखता येईल तो माणूस गोदामात उभा असतो. यादी बनवण्याच्या खोलीत त्याला जागा नसेल तर गळलेलं गळलेलंच राहतं.

आमच्याकडं आता एसएपीच्या नव्या आवृत्तीकडं, एस-फोर-हानाकडं, जायची तयारी सुरू आहे. जुन्या आवृत्तीची नेहमीची देखभाल 2027 अखेरपर्यंतच आहे. मालाच्या हालचालींची टेबलं तिथं बदलली, पण एक्को, एक्पो, एकेट तशाच राहिल्या. कुठल्या क्वेरी पुढं न्यायच्या याची छाननी करताना मला एक क्वेरी काढून टाकायला सांगितली होती, फारशी चालवली जात नाही म्हणून. ती मी ठेवायला लावली. तिची हकीकत सांगते.

आमच्याकडं पुरवठादारांना वेळेवर माल देण्याचे गुण मिळतात. ठरलेली तारीख आणि जीआरएनची तारीख यांची तुलना, एवढंच गणित. दोन वर्षांपूर्वी भोसरीचे एक वर्कशॉपवाले स्टोअरला आले. साठीचे असतील, चार मशिनं, दोन कामगार, मुलगा टेम्पो चालवतो. गुण इतके घसरले होते की नवी ऑर्डर मिळणार नव्हती. परचेसमध्ये त्यांना छापील रिपोर्ट दाखवला होता. ते माझ्याशी भांडायला आले नव्हते. शर्टाच्या खिशातून घडी घातलेली चलनं काढून त्यांनी टेबलावर एकापुढं एक मांडली. ‘ताई, माल शनिवारी टाकलाय हो. प्रत्येकावर तुमच्या गेटचा शिक्का आहे. मग मी लेट कसा?’

मी इतिहासाचं टेबल उघडलं. त्यात तीन तारखा असतात. कागदावरची, हिशेबात धरलेली आणि प्रत्यक्ष टाइप केली ती. कागदावरची म्हणजे चलनाची तारीख, ती घेतली की झालं, असं मला वाटलं. पण तिन्ही रकान्यांत एकच तारीख होती, सोमवार किंवा मंगळवार. जीआरएन चढवताना कागदाच्या तारखेच्या जागी आपोआप आजची तारीख येते. ती पुसून चलनावरची घालावी लागते. आमच्यापैकी कुणी घालत नव्हतं. मी वर्षानुवर्षं घातली नव्हती. शनिवारी दुपारी आलेला माल गेटवर उतरायचा, स्टोअर दोनला बंद, सोमवारी मोजणी, मंगळवारी जीआरएन. त्या माणसाचे दोन-तीन दिवस दर खेपेला आम्ही खाल्ले होते आणि त्याची नोंद सिस्टीममध्ये कुठंच नव्हती. कुठलीही क्वेरी ती दाखवू शकली नसती.

मग सिक्युरिटीच्या केबिनमधून इनवर्ड रजिस्टरं मागवली. जाड बांधणीची, रेघा आखलेली, वॉचमनच्या अक्षरातली. गाडी नंबर, चलन नंबर, वेळ. सहा महिन्यांच्या त्यांच्या 22 खेपा एकेक करून शोधल्या. 22 पैकी 17 ठरलेल्या दिवशी किंवा आधी गेटच्या आत आल्या होत्या.

उलटी बाजूही त्याच वेळी हाती लागली. वेळापत्रकाच्या टेबलात डिलिव्हरीच्या दोन तारखा असतात. एक सध्याची आणि एक आकडेवारीसाठी राखलेली मूळची. परचेसनं तारीख पुढं ढकलली की पहिली बदलते, दुसरी कुणी मुद्दाम हात लावल्याशिवाय बदलत नाही. आमचं गणित पहिलीवर चाललं होतं. ज्या मोठ्या पुरवठादारांना फोनवर तारीख वाढवून मिळत होती ते महिनाभर उशिरा येऊनही वेळेवर ठरत होते. भोसरीच्या काकांना अशी तारीख कुणी वाढवून दिली नव्हती, त्यांनी मागितलीही नव्हती.

मी क्वेरीत दोन रकाने वाढवले, मूळ तारीख आणि चलन तारीख, आणि रजिस्टरांची झेरॉक्स जोडून ती यादी रेटिंगच्या बैठकीत ठेवली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग परचेसच्या साहेबांनी विचारलं, ‘यातली चलन तारीख इथून पुढं खरी येईल का?’ मी म्हटलं, स्टोअरची जबाबदारी माझी. काकांची ऑर्डर चालू राहिली.

त्यानंतरच्या शनिवारी मी दोनला निघाले नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या मुलाचा टेम्पो आत आला. माल उतरवून घेतला, आम्ही दोघांनी मिळून मोजला. जीआरएनच्या पडद्यावर आजची तारीख आपोआप आली होती. तीच बरोबर होती. तरी चलन समोर धरून, त्यावरची तारीख वाचून, मी ती पुन्हा एकदा टाइप केली.